मलिद्याचं डाळिंब

मंडळी, आत्ताच पालघरचा मलिदा आटपून बोईसरला घरी आलेय आणि एकटीच हसत बसलेय.

आम्ही बेने इस्राएल, म्हणजे इथले मराठी ज्यू. मोजकीच घरं. मलिदा हा आमचा आभाराचा विधी; त्यात प्रार्थना झाली, गोड पोहे वाटले, की आम्ही ताटातल्या एका फळाचा लिलाव करतो. पैसे आमच्या मदत मंडळाला जातात. मीही त्या मंडळात आहे; मदत कोणाला, हे आम्ही मंडळाबाहेर कधीच सांगत नाही.

यंदा मदत मिरियममावशीच्या मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी. तिला उद्या कळवायचं होतं. आणि आज डाळिंबाच्या बोलीला पहिला हात तिचाच वर!

मी हळूच म्हटलं, "मावशी, राहू दे गं."

"का? मी नाय का देऊ शकत?" ती भडकलीच.

तिचे पैसे वाचावेत म्हणून मी बोली चढवली, तर तिने माझ्यावर चढवली! शेवटी डाळिंब जिंकून तिने माझ्याच हातात ठेवलं.

"ज्याला मदत देणार, त्यालाच दे हे. म्हणावं, लाजू नको, आपलीच माणसं हायत."

डाळिंब समोर टेबलावर आहे. उद्या मावशीचाच निरोप मावशीला न हसता कसा सांगू, सांगा बघू!