जबड्याखालची गाठ

पहिला घास तोंडात गेला की डाव्या जबड्याखाली लिंबाएवढी गाठ फुगायची आणि कळ थेट कानात जायची. जेवण टाकून उठलं की तासाभरात उतरायची. आठ दिवस हेच. चाकणच्या कंपनीत गाड्यांच्या वायरिंगच्या लाइनवर मी सहा वर्षं उभी आहे, पण डबा उघडायची इतकी धास्ती कधी घेतली नव्हती.

लाइनवरच्या बायकांना डॉक्टर व्हायची भारी हौस. एक म्हणाली दाढ किडली, दुसरी म्हणाली गालफुगी, तिसरीचं टॉन्सिलवर बोट. नवरा भोसरीच्या वर्कशॉपमधून आला की हळदीचा लेप लावून द्यायचा. "उतरंल गं," म्हणायचा. मी मान डोलवायची. आतून मात्र जीव थाऱ्यावर नव्हता, कारण न्हाणीघरात साबणामागे माझी मिसरीची डबी होती. तंबाखू भाजून केलेली ती काळी पूड सकाळी दातांना लागल्याशिवाय माझा दिवस सुरू होत नसे. सोडली म्हणून नवऱ्याला सांगितलं होतं, तेही मुलीची शपथ घेऊन. आता हा कॅन्सरच, असं मी ठरवूनच टाकलं. मुलगी दहावीला, तिच्याकडे बघवेना. स्वतःचा असा संताप आला की सगळी मिसरी संडासात ओतली.

शेवटी सुट्टी टाकून थेरगावला कान-नाक-घशाच्या डॉक्टरीणबाईंकडे गेले. खुर्चीत टेकायच्या आधीच बोलून गेले, "मॅडम, मी मिसरी लावते."

त्यांनी जिभेखाली बोट फिरवलं, बाहेरून दाबून पाहिलं, सोनोग्राफी केली. "लाळेच्या नळीत खडा आहे, तांदळाच्या दाण्याएवढा. जेवताना लाळ सुटते, वाट अडते, म्हणून सुजतं. मिसरीने झालेलं नाही हे, पण मिसरी सोडाच. खडा आपोआप पडला तर ठीक, नाहीतर काढू." मी तिथेच हमसून रडले. मग त्यांनी विचारलं, "पाणी किती पिता दिवसभरात? कमी पडलं की लाळ दाट होते."

आमच्याकडे लघवीला जायचं तर हात वर करून आपल्या जागी उभी राहणारी बाई मागवावी लागते, आणि सुपरवायझर घड्याळ बघतो. म्हणून आम्ही पाणीच पीत नाही. नवीन येणाऱ्या प्रत्येकीला ही युक्ती मीच शिकवते.

सोमवारी शेजारी उभ्या असलेल्या नव्या बाईची बाटली पाहिली. दुपार झाली तरी काठोकाठ भरलेली. "ओठ ओले करण्यापुरतं घे," असं तिला मीच सांगितलं होतं. मला माझीच लाज वाटली. झाकण उघडून बाटली तिच्या हातात दिली.

"पी. पोटभर पी."

"अन् मग जायचं कसं, ताई?"

मी माझा हात वर केला. सुपरवायझरने घड्याळाकडे पाहिलं. मी हात खाली घेतला नाही.