पार्लरमध्ये नाकाला इंजेक्शन

आज दुपारी चारकोपच्या एका पार्लरमधून मी माझ्या मावसबहिणीला, प्रणालीला, हाताला धरून बाहेर काढलं. राग अजून गेलेला नाही.

एका स्थळाकडून निरोप आला होता, 'मुलगी छान आहे, पण नाक जरा पसरट वाटतं.' म्हणून मावशी प्रणालीला नाकात फिलर, म्हणजे त्वचेखाली टोचायचं जेल, भरून घ्यायला घेऊन गेली. मी फार्मासिस्ट, म्हणून मलाही सोबत नेलं. त्या स्थळाला पाठवायला उद्या नथ घालून नवे फोटो काढायचे होते.

"नाक बारीक होईल ना?" मावशीने विचारलं.

"एकदम झकास होईल," पार्लरवाली म्हणाली.

साफ खोटं. फिलरने भर पडते. खड्डा बुजतो, बसका भाग थोडा उंच दिसतो, तेही काही महिनेच. पसरट नाक त्याने लहान होत नाही. आणि ते रक्तवाहिनीत गेलं तर त्वचा मरू शकते, क्वचित डोळाही जातो. वर उद्या त्याच नाकावर चापाची नथ दाबून बसवायची!

"काही बिघडलं तर फिलर विरघळवायचं इंजेक्शन आहे इथे?" मी विचारलं.

"कधी गरजच पडली नाही. तुम्ही डॉक्टर आहात का?"

"नाही. तुम्ही आहात?"

मी प्रणालीला उठवलं.

रिक्षात मावशी माझ्यावरच चिडली. "चारचौघांत शोभा केलीस गं माझी!"

प्रणाली एवढंच म्हणाली, "ताई, आता त्या स्थळाला काय कळवू?"

मला जे सुचलं, ते इथे लिहिण्यासारखं नाही. तुम्ही काय कळवलं असतं?