शेपटीवरचे काटे

माझ्या सुनेनं ती बरणी पहिल्यांदा ओट्यावर आणून ठेवली तेव्हा मला वाटलं मुगाची डाळ भिजत घातली आहे. पाणी गढूळ दिसलं म्हणून मी ते ओतायला निघाले, तशी ती मागून ओरडली, "आई, थांबा! जिवंत आहेत ते!"

बघते तर काय, डाळीचा एकेक दाणा पाण्यात तिरका तिरका पळून राहिला! एक माझ्या बोटासमोर काचेशी आला, थांबला, आणि त्यानं आपली दोन्ही टरफलं जराशी उघडली. आत पायच पाय. इतके बारीक, की पापणीचे केस हलल्यासारखे. मी तर खुर्ची ओढून तिथंच बसले. गॅसवर कुकरच्या किती शिट्ट्या झाल्या मोजल्या नाहीत, आणि त्या दिवशीचं वरण अगदी पिठलं झालं.

हे आहेत गोड्या पाण्यातले कवचवाले झिंगे. शिंपल्यासारखं दोन फाकांचं कवच आणि आत झिंगा. पावसाळ्यात शेतात, रस्त्याच्या कडेला जी डबकी साचतात ना, त्यांत होतात, आणि डबकं आटलं की संपतात. अंडी मात्र वाळलेल्या चिखलात पडून राहतात, एखाद्या वर्षी पाऊस दगा देऊन गेला तरी वाट बघत. सुनेनं हे झिंगे आमच्या उज्जैनच्या भैरवगढ रस्त्यावरच्या एका डबक्यातून आणले होते, पायाला गुडघ्यापर्यंत काळी माती लावून. त्यांचं लांबलचक इंग्रजी नाव माझ्या जिभेवर बसेना, म्हणून आमच्या घरात त्यांचं नाव डाळच पडलं. "आई, डाळीला ऊन लागतंय, सरकवा" असं ती आतून ओरडून सांगायची, आणि समोर कोणी पाहुणा बसलेला असला की तो आमच्या तोंडाकडे बघत राहायचा.

सून माझी कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवते. नाव भारी आहे, अतिथी विद्वान. पण अतिथी म्हणजे अतिथीच, दर वर्षी पुन्हा अर्ज. पक्की नोकरी हवी तर पीएचडी हवी, आणि पीएचडीत एक अख्खा भाग या डाळीचा. तिला ठामपणे सांगायचं होतं की आपल्या उज्जैनच्या डबक्यातली ही जात कोणती. आधी हे माझ्या डोक्यात शिरेना. म्हटलं, "अगं, झिंगा तो झिंगा. त्यात जात कसली विचारून राहिलीस?"

ती मराठवाड्याची. माझ्या 'राहिलीस'ला ती पहिल्या दिवसापासून हसते. "आई, तुमचं मराठी अर्धं शिप्रा नदीत बुडवून काढलेलं आहे," म्हणते. पण त्या दिवशी हसली नाही, नीट समजावून सांगितलं. या प्राण्यांत जात ओळखायची तर एका खुणेवर भागत नाही. कवचाचा आकार बघायचा, कवचावरच्या रेघा बघायच्या, दोन रेघांच्या मधली जाळी बघायची, नाक बघायचं, नराचे हात बघायचे, आणि सगळ्यात शेवटी शेपटी.

मग तिनं मला दाखवलं. डिपार्टमेंटमध्ये धूळ खात पडलेलं एक जुनं सूक्ष्मदर्शक तिनं घरी मागून आणलं होतं, ते खिडकीशी मांडलं. मी डोळा लावला आणि खरं सांगते, तोंडातून "अरे बाप रे" एवढंच निघालं. कवच पातळ चहाच्या रंगाचं, आरपार दिसणारं. त्याच्यावर एकात एक रेघा, पाण्यात खडा टाकल्यावर उठतात तशा. सून म्हणाली, हा प्राणी वाढताना कात टाकतो, पण कवच टाकत नाही. जुन्याच्या कडेला नवा पट्टा जोडतो. मी दोन रेघांच्या मधे बघितलं तर तिथं इतकी नाजूक जाळी विणलेली, की आमच्या माहेश्वरीच्या पदरानं लाजावं. आणि हे सगळं कुठं, तर ट्रॅक्टरच्या चाकानं केलेल्या खड्ड्यात!

नर-मादी नाकावरून कळतात हे ऐकून तर मी पोट धरून हसले. आमच्या या डाळीत बाईचं नाक टोकदार आणि पुरुषाचं बोथट. मुलगा आत पेपर वाचत होता, तो म्हणाला, "म्हणजे आपल्या घरासारखंच." सुनेनं त्याच्याकडे असं बघितलं की तो पेपरमागं गेला. नराचे पुढचे पाय वळून हातासारखे झालेले असतात, मादीच्या कवचाची कड धरून ठेवायला. मला ते हात फार आवडले. जणू कोणी चिमट्यानं पापड उचलतंय.

आता माझं सांगते, कारण पुढचा घोटाळा माझाच आहे. मी फार शिकलेली नाही. पण भैरवगढच्या छपाईवाल्यांसाठी मी कितीतरी वर्षं नमुने काढले आहेत. मी कागदावर वेलबुट्टी काढून द्यायची, ते ती लाकडावर कोरून ठप्पा करायचे आणि चादरींवर, साड्यांवर छापायचे. कोणी शिकवलं नाही, रांगोळी काढता काढता हात बसला. तिथले एक म्हातारे चाचा माझा कागद उन्हाकडे धरून बघायचे आणि एकच गोष्ट सांगायचे, "बेटी, दोनों बाजू बराबर. वरना जोड़ दिखेगा." ठप्प्याशेजारी ठप्पा बसतो तेव्हा डावी कड उजवीशी तंतोतंत जुळली पाहिजे, नाहीतर सगळ्या कपड्यावर फट दिसते. ते माझ्या बोटांत इतकं मुरलं आहे की पोळीसुद्धा जरा वाकडी झाली तर मी परत लाटते.

म्हणून सुनेनं विचारलं, "आई, याचं चित्र काढाल?" तेव्हा मला केवढा आनंद झाला! फोटो तिनं काढले होते, पण प्राणी आरपार दिसणारा, फोटोत काटे एकावर एक चढून सगळी खिचडी व्हायची. तिचे सर इंदूरला असतात. वय झालं आहे, मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर त्यांना भिंगातून बघणं जमत नाही. ते म्हणाले होते, मला स्वच्छ रेघांचं चित्र पाठव, त्यावरून बोलू. आणि सुनेचा हात म्हणजे, तिनं मांजर काढलं तर शेजारी लिहावं लागतं.

सूक्ष्मदर्शकाला बाजूनं एक छोटा आरसा लावायचा असतो. मग भिंगात प्राणी दिसतो आणि त्याच्याच अंगावर आपला हात दिसतो, पेन्सिल धरलेला. त्या चिमुकल्या काचेसारख्या जिवावर माझा म्हातारा हात, शिरा वर आलेल्या, बांगडी मधे मधे येणारी. बांगड्या काढून ठेवल्या आणि आठ दिवस काढत बसले. कवच काढलं, नाक काढलं, हात काढले. शेवटी शेपटी. शेपटीच्या टोकाला दोन वाकड्या नख्या असतात, आणि त्यांच्या वर पाठीच्या बाजूला काट्यांच्या दोन रांगा, एक डावी एक उजवी.

चित्रं झाली तेव्हा सून कितीतरी वेळ बघत राहिली. म्हणाली, "आई, हे पुस्तकात छापण्यासारखं आहे." तिनं ती इंदूरला पाठवली.

चार दिवसांनी सरांचा फोन आला. तिनं स्पीकरवर लावला, मलाही ऐकता यावं म्हणून. सर आधी माझंच कौतुक करत बसले. मग म्हणाले, "शेपटी बघितली. दोन्हीकडे चौदा चौदा काटे, ओळीनं सारखे. ही ती नेहमीचीच जात आहे. तुला वाटली तशी दुसरी नाही. तो भाग पुन्हा लिही."

सुनेनं "हो सर" म्हटलं आणि फोन ठेवला. तिला पहिल्यापासून वाटत होतं की ही दुसरी जात आहे, रेघांमधल्या जाळीवरून आणि नाकावरून. दोन वर्षांचं लिखाण तिनं त्याच्यावर उभं केलं होतं. त्या दुसऱ्या जातीत म्हणे मोठ्या काट्यांच्या मधे बारीक काटे घुसलेले असतात आणि डावं-उजवं जुळत नाही. दिवाळीच्या सुट्टीआधी सगळं जमा करायचं होतं. तिनं शांतपणे वही काढली आणि पानंच्या पानं खोडायला लागली.

मी म्हटलं, "अगं, तू स्वतः मोजले नव्हतेस का?"

"मोजले होते. एका बाजूला चौदा आणि एका बाजूला अकरा आले होते. पण तुमच्या चित्रात स्वच्छ चौदा चौदा दिसतात. माझंच चुकलं असणार. तुमची नजर माझ्यापेक्षा पक्की आहे, आई."

ते शेवटचं वाक्य माझ्या मनातून जाईना. पंधरा दिवस ती खोडून लिहीत होती, टॉवर चौकातून भाजी आणली की पुन्हा वहीशी, जेवण झालं की पुन्हा वहीशी. ज्या पोरीनं चिखलात उतरून ही डाळ गोळा केली ती माझ्या एका चित्रावर आपले डोळे ओवाळून टाकून बसली होती. मग एका रविवारी सकाळी, ती न्हायला गेलेली असताना, मी त्याच प्राण्याची काच पुन्हा भिंगाखाली लावली. या वेळी पेन्सिल घेतली नाही. हात मांडीवर ठेवले आणि फक्त मोजलं.

डावीकडे चौदा. उजवीकडे अकरा. पुन्हा मोजलं. अकराच. आणि डावीकडचेही सारखे कुठं होते! एक मोठा, मग दोन किरटे, मग परत मोठा, दात पडलेल्या कंगव्यासारखे. मी कागदावर उजवीकडे तीन जास्तीचे आणून बसवले होते आणि किरटे ओढून मोठे केले होते. मुद्दाम नाही हो. मला आठवतच नव्हतं. माझ्या हातानं फट बघितली आणि भरून टाकली.

सून केस पुसत बाहेर आली. मी म्हटलं, "हे तीन काटे माझे आहेत. त्याचे नाहीत."

"म्हणजे?"

"एका बाजूला कमी होते. चांगलं दिसत नव्हतं. मी घातले."

तिनं टॉवेल खुर्चीवर टाकला. मग तिचा आवाज चढला, या घरात आल्यापासून आठ वर्षांत पहिल्यांदा. "चांगलं दिसत नव्हतं? आई, मी पंधरा दिवस स्वतःला आंधळी समजून राहिले!"

एवढ्या रागातही तिच्या तोंडून आमचं 'राहिले' निघालं, पण ते बोलायची माझी हिंमत नव्हती. मी म्हटलं, "रागाव. तुझं बरोबर आहे." ती आत गेली. दार आपटलं नाही, पण लावून घेतलं. मुलगा म्हणाला, "मी बघू का?" मी म्हटलं, "तू पेपर वाच."

तासाभरानं ती बाहेर आली ती हातात स्पिरिटमध्ये जपून ठेवलेल्या डाळीच्या बाटल्या घेऊन. डोळे लाल होते. म्हणाली, "एकावर भागणार नाही. आठ प्राणी काढायचे. आणि या वेळी माझ्या पद्धतीनं."

तिची पद्धत ऐका. कागदाचा डावा भाग काढून झाला की तिनं त्याच्यावर पोस्टकार्ड टाकून झाकायचा, म्हणजे उजवा काढताना मला डावा दिसायचाच नाही. आणि प्रत्येक काटा आधी तिनं भिंगातून बघून सांगायचा, मग मी बघून काढायचा. "मोठा. बारीक. बारीक. मोठा. थांबा आई, तो मोठा नाही, मधला आहे." मी कुरकुरले, "इतकुशा फरकानं काय होतं?" ती म्हणाली, "त्यानंच होतं." एक रांग ती पुढून मागे मोजायची, मग मागून पुढे, मग डोळे मिटून जरा बसायची आणि तिसऱ्यांदा मोजायची. तिन्ही वेळा आकडा एक आला तरच वहीत. नाही आला तर काच धुवून पहिल्यापासून. मी आयुष्यभर नीटनेटकं काम केलं असं मला वाटत होतं. नीटनेटकं वेगळं आणि खरं वेगळं, हे मी त्या आठवड्यात सुनेच्या शेजारी बसून शिकले. माझा हात सारखा शिवशिवायचा. फट दिसली की पेन्सिल आपोआप तिकडे वळायची आणि ती न बघताच म्हणायची, "आई, हं."

आठही शेपट्या वाकड्यातिकड्या निघाल्या. दहा-तेरा, चौदा-अकरा, एकीत तर बारा आणि नऊ. त्यांच्याकडे बघून मला आधी कसंसंच व्हायचं. पाचवी काढताना त्या मला देखण्या वाटायला लागल्या. कोणी ठप्पा मारून केलेल्या नव्हत्याच त्या. एकेक जीव आपला आपण वाढला होता, मिळालं तेवढ्या पाण्यात.

तिनं आठही चित्रं इंदूरला पाठवली आणि सोबत चिठ्ठी लिहिली की आधीच्या चित्रात चूक होती. कोणाची ते लिहिलं नाही. मी म्हटलं, लिही माझं. तर म्हणाली, "चित्राखाली 'तपासलं' म्हणून सही माझी होती. मोजून बघायला हवं होतं मी."

सरांचा फोन आला तेव्हा आम्ही दोघी मेथी निवडत होतो. पुन्हा स्पीकर. ते बराच वेळ कागद उलटत होते, तो आवाज येत होता. मग म्हणाले, "आजीबाईंना सांग, पहिलं चित्र जास्त सुंदर होतं."

सुनेनं माझ्याकडे बघितलं. मी मान खाली घातली.

"आणि हे खरं आहे. जाळी, नाक, आता काटेही. तुझी दुसरी जात बरोबर आहे. तुझं पहिलंच लिखाण ठेव. खोडलंस की काय?"

"खोडलं सर. पण वाचता येतंय."

त्या दुपारी तिनं सगळ्या बाटल्या काढून ओळीनं मांडल्या. प्रत्येक बाटलीत स्पिरिटमध्ये प्राण्याबरोबर कागदाची एक बारीक चिठ्ठी असते, पेन्सिलनं लिहिलेली, कारण शाई विरघळते. त्यावर जागा होती, तारीख होती, आणि जातीच्या ठिकाणी दोन वर्षांपासून नुसतं प्रश्नचिन्ह. ती नव्या चिठ्ठ्या कापून माझ्यापुढे ठेवून म्हणाली, "आई, तुमचं अक्षर बारीक आणि एकसारखं आहे. तुम्ही लिहा."

मी पेन्सिल तिच्याकडे सरकवली. "तू लिही. मोजलेस तू."

ती ओठ दाबून लिहायला लागली. अक्षर वाकडं येत होतं, एकदा खोडलंही. पण ते लांबलचक नाव तिनं सगळ्या चिठ्ठ्यांवर पुस्तकात न बघता लिहिलं.