प्रकाशचा ॲम्प कुणी निवडला

वस्तू एकजण घेतो आणि किस्से बाकीच्यांच्या घरी साठतात, असं आमच्या ग्रुपमध्ये नेहमी होतं. सतीशने फ्रिज घेतला तेव्हा दोन किस्से झाले, बबनच्या मोटारसायकलचे तीन. पण प्रकाशच्या ॲम्पने सगळ्यांना मागे टाकलं. एक पॉवर ॲम्प्लिफायर घ्यायचा, त्याला या माणसाने वर्ष लावलं! त्या वर्षात आम्ही पोट धरून हसलो आणि काही दिवस अगदी गप्पही झालो. कारण मध्येच प्रकाशच्या तान्ह्या मुलीला ऐकू येतं की नाही, असा घोर सगळ्यांना लागला. ते सांगतोच, पण क्रमाने. आज हसत सांगता येतंय, हे आमचं नशीब.

आम्ही चौघं नाशिकच्या अंबडला एकाच कारखान्यात. प्रकाश टूलरूममध्ये, सतीश क्वालिटीत, बबन पेंट शॉपला आणि मी स्टोअर्सला. डीव्हीडी तेव्हा नुकत्या स्वस्त झाल्या होत्या आणि जो तो होम थिएटरच्या गोष्टी करत होता.

*

सुरुवात स्पीकरपासून झाली. गंगापूर रोडवरचे एक साहेब कायमचे मुलाकडे परदेशी निघाले आणि त्यांचे छातीएवढे उंच स्पीकर प्रकाशच्या हॉलमध्ये आले. स्पीकर दणकट, पण त्यांना चालवणारा रिसीव्हर बिचारा साधा. सिनेमा शेवटाकडे आला, मारामारी सुरू झाली, आवाज चढला, की रिसीव्हरमध्ये ‘टक्’ व्हायचं आणि सगळं बंद. मग तो थंड होईपर्यंत सगळ्यांनी चहा घ्यायचा.

प्रकाशची आई, म्हणजे आमच्या काकू, मखमलाबादच्या. आयुष्य फुलांच्या मळ्यात गेलेलं. त्या आमच्याबरोबर बसून सगळे सिनेमे बघायच्या. एकदा चहाचे कप गोळा करता करता म्हणाल्या, “या घरात गुंड मरतच नाय. मरायची येळ आली की मशीन बंद.”

सतीशने निदान केलं, की बाहेरून वेगळा पॉवर ॲम्प लावावा लागेल. रिसीव्हरने नुसतं सांगायचं, जोर ॲम्पने लावायचा.

“म्हणजे आपल्या सुपरवायझरवानी,” बबन म्हणाला. प्रकाशला लगेच पटलं.

*

आता ॲम्प निवडायचा कसा? सतीशने कुठल्याशा मासिकात वाचलं होतं. “वॅटच्या आकड्यांवर जायचं नाही. ते कुणीही छापतो. खरा ॲम्प जड असतो, कारण आत ट्रान्सफॉर्मर मोठा लागतो.”

बबन चांदवडचा, घरी कांदा. त्याने ही गोष्ट फारच मनावर घेतली. रविवारी मेन रोडमागच्या गल्लीत ॲम्प असेंबल करणाऱ्या एकाकडे आम्ही गेलो, तर हा पठ्ठ्या गावाकडून कांद्याचा काटाच घेऊन आलेला. दुकानाच्या दारात काटा मांडला आणि म्हणाला, “ह्यो आन् त्यो, दोन्ही चढवा. जो जड भरंल त्यो आमचा.”

दुकानदार जराही गडबडला नाही. “पिशवी आणलीय का?” एवढंच त्याने विचारलं.

सगळ्यात जड ॲम्प दोघांनी धरून रिक्षात घातला. घरी लावला, तर आवाज आमच्या जुन्या रिसीव्हरपेक्षाही बारीक. सतीशने झाकण उघडलं. आत ट्रान्सफॉर्मर लिंबाएवढा आणि त्याच्या शेजारी, चार स्क्रूंनी पक्का बसवलेला, सिमेंटचा ठोकळा.

भांडायला गेलो तर दुकानदार शांतपणे म्हणाला, “तुम्ही वजन बघत होता. मी वजन दिलं.”

त्याने ॲम्प मात्र मुकाट्याने परत घेतला. काट्याची त्यालाही धास्ती वाटली असावी.

*

त्यानंतर शालिमारजवळ एक शेठ सापडले. माणूस भला. त्यांची पद्धत अशी, की ॲम्प घरी न्या, आपल्या हॉलमध्ये, आपल्या स्पीकरवर आठवडाभर ऐका, पटला तर ठेवा.

पहिला ॲम्प आला. काळाकुट्ट, भलामोठा आणि पुढे फक्त एक बटण. पॉवर ॲम्प असाच असतो, आवाज कमी-जास्त रिसीव्हरवरून करायचा. पण काकूंनी त्याला पुढून, मागून, वाकून पाहिलं आणि विचारलं, “बाकीची बटनं मागनं येणारेत का?”

तो ॲम्प तापायचाही जबरदस्त. जानेवारीचे दिवस. नाशिकच्या त्या थंडीत दही काही केल्या लागत नाही. काकूंनी दोन दिवस विचार केला आणि तिसऱ्या दिवशी विरजणाचं पातेलं ॲम्पवर ठेवलं. सकाळी दही सुरीने कापावं असं! पण त्याच दिवशी आम्ही लागोपाठ दोन सिनेमे लावले आणि दुसऱ्या पातेल्याचं वाटोळं झालं.

आठवड्याने शेठचा फोन आला. “कसा वाटला?”

“आवाज बरा आहे,” प्रकाश म्हणाला, “पण आई म्हणते, दही आंबट होतंय.”

शेठ मग म्हणाले, “हरकत नाही. थोडा कमी तापणारा पाठवतो.”

*

प्रकाशची बायको वैशाली तेव्हा सातव्या महिन्यात होती. आम्ही दोन ॲम्प शेजारी शेजारी मांडून एकच प्रसंग पुन्हा पुन्हा लावत होतो. पूल उडतो, आगगाडी खाली कोसळते. पूल उडाला, वायरी बदलल्या, परत पूल उडाला. आणि ही सोफ्यावर उशी घेऊन गाढ झोपलेली. घोरत होती म्हटलं तरी चालेल.

जागी झाल्यावर सतीशने तिला मुद्दाम विचारलं, “वहिनी, कुठला चांगला वाटला?”

“मला काय माहीत,” ती म्हणाली. मग पोटावर हात ठेवून हसली. “पण दुसरा लावला की आतून लाथा बसतात. ह्याला तो आवडलेला दिसतोय.”

बबन लगेच म्हणाला, “मंग झालं. घरमालकानंच पसंत केला.”

तरी सतीशचं समाधान होईना. शेवटच्या मारामारीला आजवरचा प्रत्येक ॲम्प ‘टक्’ करून बंद पडला होता. अजून एक ऐकू, अजून एक ऐकू, असं करत वैशालीचे दिवस भरले, मुलगी झाली, बारसं झालं. सई नाव ठेवलं. ॲम्प काही ठरला नाही. शेठनी पाठवलेला शेवटचा ॲम्प हॉलमध्ये जोडून ठेवला, पण ऐकायचा राहूनच गेला.

*

सई तीन महिन्यांची झाली आणि हसणं थांबलं.

पोरगी गोड. समोर गेलं की हसायची, हातपाय झाडायची. पण झोपली, की कुकरची शिट्टी होवो, थाळी पडो, तिची पापणी हलायची नाही. डॉक्टरांनी तिच्या मागून खुळखुळा वाजवला, तिने वळून पाहिलं नाही. “अजून लहान आहे, आत्ताच काही सांगता येत नाही,” ते म्हणाले, “पण मोठी तपासणी करून घ्या.” तपासणीची तारीख मिळाली. तोवर घरात सगळे तिच्याकडे बघत बसायचे. ती हसली, तर ते आपल्याला बघून हसली की आपलं ऐकून हसली, हे कुणालाच कळायचं नाही.

एके दिवशी काकूंच्या तोंडून निघून गेलं, “पोटात होती तवाच कान बसले पोरीचे. ह्या धडाडधुमनं.”

प्रकाश उठला. त्याने स्पीकरवर चादरी टाकल्या. डब्याच्या वेळी आमच्याशी बोलेनासा झाला. फार विचारल्यावर एकदाच म्हणाला, “माझ्या हौसेपायी झालं असेल तर काय करू मी?” आम्ही तिघं पुन्हा पुन्हा असं नसतं रे, असं नसतं, म्हणत राहिलो. खरं म्हणजे आम्हालाही काही ठाऊक नव्हतं. तो पूल आम्हीच तर हौसेने पन्नासदा उडवला होता.

स्पीकर विकायचे, असं त्याने ठरवलं. “शेठचा ॲम्प तेवढा परत नेऊन द्या,” म्हणाला.

*

तपासणी पुढच्या आठवड्यात होती. ॲम्प न्यायला म्हणून शनिवारी संध्याकाळी आम्ही तिघं गेलो. पावसाळी हवा, बाहेर अंधारून आलेलं. काकू स्वयंपाकघरात भाकरी करत होत्या. सई हॉलच्या दुसऱ्या टोकाला पाळण्यात झोपली होती. सतीश वायरी सोडवायला वाकला, तेवढ्यात वैशाली म्हणाली, “भाऊजी, थांबा. एकदा लावा.”

“काय लावा?” प्रकाशने विचारलं.

“तोच सिनेमा. शेवटची मारामारी. रोज लावायचात तेवढ्याच आवाजात. मला बघायचंय, ती उठते का.”

“वैशाली, वेडी झालीस का? पुढच्या आठवड्यात कळेलच ना.”

“तुम्ही काढा आठवडा. माझ्याच्याने निघत नाही.”

सतीशने माझ्याकडे पाहिलं, मी बबनकडे. शेवटी प्रकाशनेच उठून चादरी काढल्या आणि सिनेमा लावला.

काय वाजला तो ॲम्प! कुठे फाटणं नाही, अडखळणं नाही. आवाज चढत गेला. ‘टक्’ होण्याची जागा आली आणि गेली. त्या घरात पहिल्यांदाच गुंड मेला. इतक्या महिन्यांत आम्हाला हवा होता तो ॲम्प हाच, हे चौघांनाही कळलं आणि कुणीही टीव्हीकडे बघत नव्हतं. आम्ही सगळे पाळण्याभोवती उभे होतो. सई मुठी मिटून शांत झोपली होती.

वैशालीने पदर तोंडाला लावला. मला तिथून निघून जावंसं वाटत होतं.

आणि लाइट गेली. भारनियमन. एकदम ठार काळोख, शेजारचा माणूस दिसेना. आवाज बंद, पंखा बंद. सगळी बिल्डिंग गप्प.

त्या शांततेत पाळण्यातून रडणं सुरू झालं.

कुणी हललं नाही. सई रडतेय आणि आम्ही अंधारात नुसते उभे. स्वयंपाकघरातून काकूंचा आवाज आला, “आले गं बाय, आले.”

रडणं थांबलं.

दोन-तीन श्वास तसेच गेले. मग पुन्हा सुरू झालं. वैशाली म्हणाली, “आई, बोला ना. तिथूनच बोला.”

“काय बोलू?” काकू आतून म्हणाल्या.

रडणं पुन्हा थांबलं.

“काहीही बोला आई, पण बोला.”

“आता काय बोलू बाय? बॅटरी घावंना. सईबाय, तुझ्या बापानं कुठं ठेवली, देव जाणे. हितं भाकर करपली माझी...”

“हूं,” पाळण्यातून आलं.

“मेणबत्तीपण दिसंना...”

“हूं. ऊं.”

अंधारात प्रकाश खाली फरशीवर बसल्याचं मला जाणवलं. वैशाली रडत होती आणि मध्येच हसत होती. बबनने जोरात नाक शिंकरलं. माझ्या छातीवरचं ओझं असं उतरलं, की मी भिंतीला टेकलो. आत काकू बॅटरी शोधत बडबडतच होत्या आणि सई एकेका वाक्याला उत्तर देत होती. किती वेळ ते चाललं, कुणास ठाऊक. कुणालाच ते थांबायला नको होतं. धडाडधूम पोरीला पोटातूनच सवयीची होती, तिला उठवलं ते शांततेने.

मग लाइट आली. प्लेअर आपोआप पहिल्यापासून सुरू झाला, ॲम्प जागा झाला आणि सगळा हॉल दणाणला.

हाताचं पीठ झटकत काकू स्वयंपाकघराच्या दारात आल्या.

“प्रकाश, बारीक कर ते,” त्या म्हणाल्या. “पोर ऐकतीय.”