काकांविरुद्धची पहिली तक्रार

काकांनी एकतीस वर्षं एका आलिशान प्रवासी जहाजावर पाहुण्यांच्या खोल्या लावल्या. चादरी बदलायच्या, टॉवेल ठेवायचे, कुणी लाथाडलेल्या चपला सरळ करायच्या. एवढ्या वर्षांत त्यांच्याविरुद्ध एकही तक्रार आली नाही. तसं प्रमाणपत्र निवृत्तीच्या दिवशी मिळालं आणि दिवाणखान्यात अशा जागी लागलं, की नुसतं पाणी प्यायला आलेला माणूसही ते वाचल्याशिवाय सुटत नाही. काकू मात्र तिकडे ढुंकूनही बघायची नाही. वर्षातले दहा महिने नवऱ्याने समुद्रावर काढल्यावर कोण बघेल?

म्हणून काकांनी शब्द दिला होता. त्याच जहाजावर तुला आठ दिवस पाहुणी म्हणून नेईन, इकडची काडी तिकडे करू देणार नाही आणि तुझ्याजवळून हलणारही नाही. यंदा दोघं निघाले.

खोलीचं दार उघडलं आणि काकांचा चेहरा उतरला. टेबलावर फळांच्या टोपलीऐवजी कार्ड होतं: पर्यावरणाच्या हितासाठी फळं बंद. न्हाणीघरात दुसरं कार्ड: पर्यावरणाच्या हितासाठी टॉवेल एकच. चादरीचा एक कोपरा गादीबाहेर लोंबत होता. त्यासाठी कार्ड छापायचं राहून गेलं असावं. पूर्वी एका माणसाकडे बारा खोल्या असायच्या, आता तीस होत्या. काकू म्हणाली, तक्रार करा. काकांनी साफ नकार दिला. त्या बिचाऱ्याच्या नोकरीवर येईल म्हणाले, आणि स्वतःच चादर ओढून खोचली.

मग हात शिवशिवायला लागले. दुसऱ्या दिवशी ते टॉवेल आणायला गेले, तर शेजारच्या खोलीतल्या बाईंनी हटकलं, आमची खोली कधी आवरणार? सवयीची जीभ, "आलोच मॅडम" म्हणून मोकळी झाली. चौथ्या दिवसापर्यंत अख्खा मजला चकाचक झाला आणि काकू डेकवर रिकाम्या खुर्चीशेजारी बसून होती. मला आजही काकांचा राग येतो.

पाचव्या दिवशी ती उठून खाली आली. काका उशांचे अभ्रे घेऊन कुणाच्या तरी दारात उभे होते.

"तुम्ही जहाजावर आणि मी घरी होते, तेव्हा वाट तरी बघत होते," काकू म्हणाली. "आता मी काय करू?"

काकांनी धुतलेले अभ्रे तिथेच जमिनीवर ठेवले. असं त्यांनी आयुष्यात केलं नव्हतं.

उतरायच्या दिवशी मॅनेजर ओशाळून एक कागद घेऊन आला. काकांच्याच हाताखाली शिकलेला माणूस तो. शेजारच्या बाईंनी लिहिलं होतं, की चष्मेवाला कर्मचारी सुरुवातीला फार चांगला होता, नंतर कामचुकार झाला. शेवटचे तीन दिवस तो एका बाईचा हात धरून डेकवर बसला होता.

काकांचं तोंड एवढंसं झालं. काकूने तो कागद मागून घेतला. आता तो प्रमाणपत्राशेजारी, त्याहून मोठ्या फ्रेममध्ये लागला आहे, आणि आल्यागेल्याला काकू स्वतः वाचून दाखवते.