मुक्तिनाथाच्या अलीकडे

आमचा मुलगा सुरेश मिरकरवाडा बंदरातल्या एका लाँचवर इंजिन सांभाळायला होता. वादळात ती लाँच गेली आणि कुणीच परत आलं नाही. फळकूटसुद्धा मिळालं नाही. वर्ष उलटलं, तरी आमची ही त्याच्या श्राद्धाचं नाव काढू देईना. मी शाळेतून निवृत्त झालेला मास्तर. देवावरचा विश्वास उडाल्यातच जमा होता. नेपाळात मुक्तिनाथाला पितरांना गती मिळते, असं कुणीतरी म्हणालं आणि मी हट्टालाच पेटलो. हिने बरोबर यायला नकार दिला. एका कापडात तीळ बांधून मी एकटाच निघालो.

कोकणात तेव्हा रेल्वे नव्हती. एसटीने मुंबई, तिथून गाडीने गोरखपूर, मग सीमा ओलांडून पोखरा. तिथवर निभावलं. पुढे पायवाट. गरम कपड्यांची पिशवी बसमध्येच राहिली. भाषा कळेना. दिवस वर आला की नदीच्या खोऱ्यातून असा वारा सुटे, की समुद्राकाठी जन्म काढलेल्या मला उभं राहवेना. त्या वाऱ्यातच गोट्यांवरून घसरलो आणि पाय मुरगळला. देवाने आपल्याला दारापर्यंतही येऊ दिलं नाही, या विचाराने वाटेवर बसून मी रडलो.

लाकडं घेऊन जाणाऱ्या एका बाईने मला उठवलं आणि आधार देत आपल्या दगडी घरात नेलं. माझ्याच वयाची असेल. मोडकंतोडकं हिंदी बोलायची. मला ‘दाजु’ म्हणे, म्हणजे थोरला भाऊ. चुलीवर मांस वाळत टांगलेलं होतं. यात्रेत ते वर्ज्य म्हणून मी बिचकलो, हे तिने ओळखलं. निराळं भांडं घासून तिने त्यात पिठाची मऊ उकड शिजवली, पायाला गरम तेल लावलं. दोन दिवस असेच गेले. एवढं कशासाठी निघालात, असं तिने विचारलं, तेव्हा घराबाहेर कुणाला न सांगितलेलं सगळं तिला सांगितलं.

तिने चुलीत लाकूड सारलं. मग कळलं, तिचा नवरा उत्तरेच्या खिंडीपलीकडे व्यापाराला गेला, तो आलाच नाही.

“किती वर्षं मी दार लावलंच नाही, दाजु,” ती म्हणाली. “वारा आत शिरून चूल विझवायचा. पोरं उपाशी राहायची. मग एक दिवस लावलं.”

मुक्तिनाथ अजून वर होता आणि माझा पाय टेकत नव्हता. तिने खिडकीतून नदी दाखवली. तिथलंच पाणी खाली येऊन या नदीला मिळतं, म्हणाली. दुसऱ्या सकाळी वारा उठायच्या आत ती मला धरून काठावर घेऊन गेली. मी तीळ सोडले, आठवले तेवढे मंत्र म्हटले. सुरेशचं नाव मात्र काही घेता येईना. तेव्हा तिने ते घेतलं, तिच्या उच्चारात, मोठ्याने. मग मलाही घेता आलं. पाण्यावर काही उमटलं नाही, आकाशातून काही आलं नाही. पाणी तेवढं फार गार होतं.

खाली जाणाऱ्या खेचरवाल्यांबरोबर तिने माझी सोय करून दिली. घरी आल्यावर, पोचलो नाही, हेच मी हिला आधी सांगितलं. मग बाकीचं. ही बोल लावील असं वाटलं होतं.

“त्या बाईने घेतलं त्याचं नाव?” हिने विचारलं.

“घेतलं.”

“नीट घेतलं?”

“तिला जमलं तसं घेतलं.”

तेव्हा ही पडवीत बसली आणि वर्षभरात पहिल्यांदाच रडली. मी जवळ बसून राहिलो. पुष्कळ वेळाने डोळे पुसून तिने त्या बाईचं नाव विचारलं. ते विचारायचं माझ्याकडून राहूनच गेलं होतं.

दुःख गेलं नाही, ते जाणारही नाही. पण देवाने अमुकच दारात भेटावं, असा हट्ट आता धरत नाही. तो वाटेत जिथे थांबवील तिथे थांबतो. संध्याकाळी आम्ही दोघं देवापुढे बसतो. सुरेशचं नाव घेतो, आणि मग ही म्हणते, “आता तिच्यासाठी.” तेव्हा आम्ही नुसते हात जोडतो.