सुनंदाचा डावा हात

फोन सुनंदाच्या नवऱ्याचा, विलासभाऊंचा होता. ते एवढंच म्हणाले, "ताई, सुनंदा गेली..." आदल्या संध्याकाळीच मी तिला दवाखान्यात भेटून आले होते. कर्करोग झालेलं माणूस हातचं जाऊ शकतं, हे मनाला कुठेतरी ठाऊक असतं. पण सुनंदा कर्करोगाने गेली नाही. इतके आठवडे उलटले तरी ही बोच जात नाही.

देवळाली कॅम्पात ती बायकांना गाडी शिकवायची. माहेर वणीकडचं. वडिलांच्या पिकअपमधून टोमॅटो मार्केटला नेता नेता स्वतःच शिकलेली. मी तिच्याकडे गेले ती बँकेतून निवृत्त व्हायला आल्यावर, घरच्यांचं हसणं सोसून. दुसऱ्याच दिवशी समोरून लष्कराचा ट्रक आला आणि मी चक्क डोळे झाकून घेतले. तिने शेजारून हात घालून स्टिअरिंग वळवलं, गाडी कडेला घेतली आणि शांतपणे म्हणाली, "डोळे काय झाकता ताई? ट्रकवाल्याला आपण दिसतोय, आपल्यालाबी तो दिसाया नको का?" त्या दिवसापासून आमची मैत्री झाली, आणि 'अहो ताई'ची 'अगं ताई' कधी झाली ते कळलंही नाही.

उजव्या स्तनात गाठ निघाली, तेव्हाही तिने शिकवणं थांबवलं नाही. केमोसाठी हाताच्या शिरा सापडेनाशा झाल्या, म्हणून डॉक्टरांनी डाव्या दंडातून हृदयाजवळच्या मोठ्या शिरेपर्यंत एक बारीक नळी घातली. "गिअरचा हात हाय डॉक्टर, जरा बेतानं," असं तिने त्यांना बजावलं होतं म्हणे. नळीची पट्टी बदलायला आणि ती औषधाने धुवून घ्यायला दर आठवड्याला नाशिकला जावं लागे. मी माझ्या गाडीतून न्यायचे. बाजूला बसून ती माझ्या क्लचवरून मला बोलत राहायची, आणि मला ते बरं वाटायचं. बोलतेय ना, मग ठीकच आहे...

एकदा नळी धुवून परत येताना ती अचानक कुडकुडायला लागली. बाहेर ऊन रणरणत होतं आणि हिचे दात वाजत होते. काचा वर केल्या, माझी ओढणी तिच्या अंगावर टाकली. घरी पोहोचेपर्यंत ताप चढला, संध्याकाळी उतरला. "केमोनं अंगात जीवच राहिला नाय," म्हणून तिने विषय संपवला. पुढच्या वेळी पुन्हा तेच. मग एका सकाळी डाव्या हातातली बांगडी रुतून बसली. दंडापासून बोटांपर्यंत हात सुजून तकतकीत झाला होता. "ताई, हात लय जड झालाय गं," ती म्हणाली. तेव्हा पहिल्यांदा तिच्या आवाजात मला भीती ऐकू आली.

त्याच दिवशी तिला दाखल केलं. सोनोग्राफीत नळीभोवती रक्ताची मोठी गुठळी दिसली, रक्तात जंतूही सापडले. तिथल्या तरुण डॉक्टरबाईंनी आम्हाला बसवून सगळं समजावलं. नळीवर जंतूंचा थर बसतो. शरीर त्यांना मारायला पांढऱ्या पेशी पाठवतं. त्या पेशी फुटतात आणि जंतूंना पकडायला जाळ्यासारखे धागे टाकतात. जंतू त्यात अडकतात, पण रक्तही अडकून गोठतं. मग त्याच गुठळीत जंतूंना लपायला जागा मिळते.

विलासभाऊ जमिनीकडे बघत म्हणाले, "म्हणजे तिचंच शरीर..."

"तिला वाचवायलाच धडपडत होतं, काका," डॉक्टरबाई हळू आवाजात म्हणाल्या.

औषधं सुरू झाली, नळी काढली. ताप उतरला, हाताची सूज ओसरायला लागली. त्या शेवटच्या संध्याकाळी तिने दोन चमचे खिचडी खाल्ली आणि लायसन्सची टेस्ट तोंडावर आलेल्या एका विद्यार्थिनीची काळजी करत बसली. "तिचा हाफ क्लच अजून बसलेला नाय. तू घेऊन जाशील का जरा चढावर?" मी हो म्हटलं. वाटलं, चार दिवसांत घरी येईल, आणि मलाच ओरडेल की कसलं शिकवलंस. सकाळी उठून बसताना तिला धाप लागली. गुठळीचा तुकडा सुटून फुफ्फुसात गेला होता. डॉक्टरांची धावपळ विलासभाऊ दारातून पाहत राहिले... हातात तिच्यासाठी आणलेला चहा होता.

गेल्या रविवारी मी त्यांच्याकडे गेले. त्यांना गाडी येत नाही. इतक्या बायकांना शिकवणाऱ्या बाईने नवऱ्याला किती वेळा सांगितलं असेल, पण ते आपले सायकलवर खूश. "बॅटरी उतरेल म्हणतात, जरा चालू करता का?" त्यांनी विचारलं. मी सुनंदाच्या गाडीत स्टिअरिंगमागे बसले. सीट तिच्या बेताने इतकी पुढे ओढलेली होती की माझे गुडघे डॅशबोर्डला टेकले. ते दार उघडून शेजारी येऊन बसले, तिच्या शिकवायच्या जागेवर. इंजिन घरघरत राहिलं. बॅटरीपुरतं झालं असेल असं वाटून मी किल्लीकडे हात नेला, तसे ते समोर बघतच म्हणाले,

"थोडा वेळ राहू द्या ना चालू..."